अर्थाचा शब्द

नोएडाच्या चौकात गाडीनं उडवल्यापासून प्रतीक डोळे उघडे ठेवून पडून होता. कलेक्टर व्हायला म्हणून गावाहून दिल्लीत आलेला पोरगा; आता त्याला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमधून त्याची थोरली बहीण कुमुद रोज इस्पितळात यायची. ठाऊक होते तेवढे देव तिचे पुजून झाले होते. उरलं होतं एक इंजेक्शन.

औषध प्रयोगातलं. मेंदूत जखमेनं पोकळी झालेली, तिथं सुईनं पातळ जेल सोडायचं. अंगाच्या उबेनं ते खरवसासारखं घट्ट होतं आणि आजूबाजूच्या पेशींना टेकू मिळतो. गुण येईलच असं डॉक्टरही म्हणत नव्हते. उलट सूज वाढून जीव जायची भीती, म्हणून नियम कडक. पेशंट अर्थाचा एक शब्द जरी बोलला तरी इंजेक्शन देत नाहीत, कारण असा माणूस आपला आपण सुधारू शकतो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण इथं काडीलाही अट होती.

आणि कालपासून प्रतीक 'नगं' म्हणायला लागला होता. नळी लावली, नगं. कूस बदलली, नगं.

तपासणीला डॉक्टर त्यागी आल्या. "प्रतीक, आँखें बंद करो."

"नगं."

त्यांनी कुमुदकडे पाहिलं. "आपकी मराठी में इसका कोई मतलब है?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस महिनोन्महिने एकच शब्द बोलत होता. दुसरा आलाच नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागं लागू नये, हे कुमुदलाही कळत होतं. पण हातात होतं काय?

"नहीं मैडम. बस आवाज़ है."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. नर्स डोकं भादरायला मशीन घेऊन आली. त्या घरघरीनं प्रतीक दचकला. मान वळवून त्यानं कुमुदला शोधलं आणि म्हणाला, "आक्का, नगं."

"अब क्या कहा?"

आक्का म्हणजे थोरली बहीण, हे त्या दिल्लीच्या बाईंना कुठून ठाऊक असणार? पुन्हा आवाज़ म्हटलं की झालं. कुमुदनं तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं.

"मुझे बुला रहा है," ती म्हणाली. "मना कर रहा है."

त्यागींनी मशीन थांबवायला सांगितलं. "यह तो अच्छी बात है," असं म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. जेल पुढच्या पेशंटला गेलं.

भाऊ परत येतोय, की एवढाच परत यायचा होता, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. कुमुद त्याच्या कानाशी वाकली.

"बाळा, अजून एक बोल की रं. कायबी बोल."

प्रतीक छताकडं बघत राहिला.