चमचा पडला की गप्प

सासूबाईंनी बरीच वर्षं बालवाडी चालवली. वर्गात गोंगाट फार झाला की त्या ओरडत नसत. हातातला चमचा फरशीवर टाकत आणि पोरं चिडीचूप होत. निवृत्त झाल्यावर ही युक्ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर आणली, कारण आमच्या घरात गोंगाट करणारी दोन पोरं होती, त्यांचा नवरा आणि माझा.

सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, हयातभर विमा विकला. माझा नवरा सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढतो. देशातली सगळी रुग्णालयं सरकारने चालवावीत का, यावर मतदान व्हायचं होतं. आमच्या बाल्कनीत दोन फलक लटकत होते, एकावर मोठ्ठं ‘हो’ आणि दुसऱ्यावर मोठ्ठं ‘नाही’. सासूबाई दोन्हींवर ओल्या चादरी वाळत घालायच्या. फलकांचा तेवढाच उपयोग, म्हणायच्या.

वाद रोज दुपारच्या बातम्यांबरोबर सुरू व्हायचा आणि ठरलेल्या वाटेनेच जायचा. आधी बाबा रांगेवर घसरायचे, "सरकारी दारात नंबर लागेपर्यंत माणूस वर पोचतो." मग नवरा, "आणि तुमच्याकडे हप्ता चुकला की दारच बंद." मग काकांचं ऑपरेशन, मग शेजारणीचं बाळंतपण, आणि शेवटी बाबांचं, "तुला शिकवून मीच चूक केली." गाडी इथवर आली की चमचा पडायचा. दोघं माना खाली घालायचे. सासूबाई सावकाश सगळ्यांकडे बघून "वाढू का?" म्हणायच्या. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही, असा नियमच होता. मला तर ती शांतता जेवणापेक्षा गोड लागायची.

त्या दुपारी चमचा पडला तेव्हा गाडी काकांच्या ऑपरेशनपर्यंतच आली होती. आज लवकर, असं माझ्या मनात आलं. आम्ही गप्प झालो. बातम्या एकट्याच बडबडत राहिल्या. बाबा सूपमध्ये बघत होते, नवरा पावाचा चुरा करत होता. "वाढू का" काही येईना. आज फारच चिडल्या आहेत, मला वाटलं. चांगलं झालं, बसू देत दोघांना ताटकळत.

मग मी सहज मान वर केली. सासूबाई स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, कुणीतरी विसरून गेलेली वस्तू बघावी तसं. तोंडाची एक बाजू खाली घसरली होती. तिथून सूप हनुवटीवर ओघळत होतं. सगळ्या बालवाडीची नाकं पुसणारी ती बाई स्वतःची हनुवटी पुसत नव्हती.

"आई?" मी म्हटलं.

नियम मोडला म्हणून नवऱ्याने माझ्यावर डोळे वटारले.

"आई, बोला ना काहीतरी."

त्यांच्या तोंडातून एक आवाज आला. तो शब्द नव्हता. त्या आवाजाची भीती मला अजून वाटते.

रुग्णवाहिका आली. सासूबाईंना जिन्यावरून खाली नेत होते आणि बापलेक मागून भांडत होते. बाबा म्हणत होते, माझं विम्याचं कार्ड चालतं तिथे न्या. नवरा म्हणत होता, माझ्या ओळखी आहेत तिथे न्या. चालक मागे वळूनही न बघता म्हणाला, "जवळ आहे तिथे नेतोय. तुमचं मत पेटीत टाका."

ते जवळचं रुग्णालय सरकारी होतं की कंपनीचं, हे मी सांगणार नाही. सांगितलं की ऐकणाऱ्यांचे दोन गट पडतात आणि बाई राहते बाजूला.

डॉक्टरीण माझ्याच वयाची होती. तिने सासूबाईंचा हात उचलून सोडला. तो धपकन गादीवर पडला.

"या शेवटच्या नीट कधी बोलल्या?" तिने विचारलं.

बापलेक एकमेकांकडे बघायला लागले.

"मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण झटक्याला फार वेळ झाला असेल तर देता येत नाही. डोक्यात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. मला वेळ कळायला हवी."

"सकाळी बोलली," नवरा म्हणाला. "नक्की बोलली."

"सकाळ धरली तर उशीर झालाय."

"नाही, नंतरही बोलली असेल."

"असेल म्हणून मी सुई टोचू शकत नाही. तुम्ही एकत्र जेवत होतात ना?"

जेवत होतो. एका टेबलावर चार माणसं होती आणि आईंकडे बघणारं कुणी नव्हतं. बापलेकांना एकमेकांचा शब्दन् शब्द आठवत होता, आईंचा एकही नाही. त्या शब्दन् शब्दावरूनच मला सुचलं.

"तुमचा वाद पुन्हा म्हणा," मी म्हटलं.

"डोकं फिरलंय का तुझं?" नवरा म्हणाला.

"पहिल्यापासून म्हणा. बातम्या लागल्यापासून. मध्ये आई कुठे बोलल्या ते आठवेल."

डॉक्टरीण हाताची घडी घालून उभी राहिली. म्हणजे ऐकणार होती.

बाबांनी घसा साफ केला. "सरकारी दारात नंबर लागेपर्यंत माणूस..." पुढचं त्यांना म्हणवेना. ते सासूबाईंकडे बघत राहिले.

"आणि तुमच्याकडे हप्ता चुकला की दारच बंद," नवरा म्हणाला. "इथे. इथे आईने मला पाव दिला. ताजा आहे, घे, म्हणाली. नीट म्हणाली."

"मग?"

"मग मी काकांचं काढलं. म्हटलं, काकांचं ऑपरेशन जर..."

"थांब," बाबा म्हणाले. "इथे ती म्हणाली, हात जड झालाय."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"मला वाटलं, विषय बदलतेय. नेहमीसारखा. मी तिला असा हात केला, जरा थांब म्हणून." त्यांनी हात करून दाखवला आणि तो तसाच हवेत राहिला. खाली घ्यायचं त्यांना भानच नव्हतं.

"पाव दिला तो बातम्या लागल्यानंतर? नक्की?" डॉक्टरिणीने विचारलं.

"नक्की," दोघं एकदम म्हणाले. त्या वादात त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टरीण पळतच आत गेली. आम्ही बाकावर बसलो. इंजेक्शनने त्या मेल्या असत्या तर ती वेळ आम्हीच दिली होती. दार उघडलं की आम्ही तिघंही उठायचो आणि दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली जायची. मला एवढी भीती कधी वाटली नव्हती.

सासूबाई वाचल्या. घरी आल्या तेव्हा पाय ओढत चालत होत्या आणि शब्द तोंडात अडकत होते. मतदान झालं. बापलेकांनी आपापलं मत दिलं, कुणाचंही बदललं नाही. वाद अजून होतात, फक्त मधेमधे थांबून दोघं सासूबाईंकडे बघतात.

सासूबाई आता उजव्या हाताने जेवायचा सराव करतात. एका जेवणात चमचा अनेकदा पडतो. पूर्वी चमचा पडला की आम्ही गप्प व्हायचो, आता डॉक्टरिणीने शिकवलेलं तिघंही एकदम बोलतो. "आई, हसून दाखव." "हात वर कर गं." "आई, काहीतरी बोला."

त्या वैतागून आमच्याकडे बघतात. ओठ जुळवतात. आमचे घास हातातच असतात, श्वासही रोखलेले असतात.

"वा... ढू का?" त्या म्हणतात, आणि मग आम्ही जेवतो.