घट्ट पिळलेले फडके

मी एक जुनी लाकडी जमीन आहे. मित्रांनो, माझ्याकडे पाहायचे तर मान खाली घालावी लागते, त्यामुळे माझी विचारपूस सहसा कोणी करत नाही. आज मीच बोलते.

एका सुताराने माझ्या फळ्या सावलीत वाळवल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या आणि कडेच्या खाचा एकमेकींत बसवून मला या बैठकीच्या खोलीत घातले. जाताना त्याने घरातल्या बाईंना बजावले, की हिला पाण्यापासून जपा. बाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आल्या होत्या. त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली.

त्या रोज मऊ झाडूने केर काढत. दारात पायपुसणे असे, कारण चपलेबरोबर आलेला वाळूचा कणसुद्धा माझ्या अंगावर चरा पाडतो. आठवड्यातून एकदा त्या फडके भिजवून घट्ट पिळत आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने, मागे सरकत सरकत मला पुसत. पाहुण्यांनी माझी तारीफ केली की त्यांचे यजमान असे काही खुलत, जणू सगळे त्यांनीच केले होते! खरे सांगायचे तर त्यांनी घरात कधी इकडची काडी तिकडे केली नव्हती. माणूस मात्र मनाने चांगला.

मग एका सकाळी बाईंना अर्धांगाचा झटका आला. त्या बरेच दिवस दवाखान्यात राहिल्या. माझ्यावर धुळीचा थर बसला, पण तक्रार करायची ती वेळ नव्हती. अखेर निरोप आला, की बाई काठी घेऊन चालू लागल्या आहेत आणि या आठवड्यात घरी येतील.

यजमानांनी कंबर कसली. बायको येणार, तर घर लखलखीत हवे. त्यांनी साबणाच्या पाण्याच्या बादल्या माझ्यावर उपड्या केल्या आणि मळ सुटावा म्हणून ते पाणी तसेच राहू दिले. माझ्या सांध्यासांध्यांत पाणी शिरले. दुसऱ्या दिवशी दारापासून खुर्चीकडे जायच्या वाटेवरची फळी फुगून वर आली.

लेक घर आवरायला आली आणि तिथेच ठेचकाळली. ती हळूच म्हणाली, "बाबा, आईचा पाय नीट उचलत नाही. ती इथे अडकली तर?"

यजमानांचा चेहरा पडला. त्यांनी खिडक्या उघडल्या, पंखा लावला, पुन्हापुन्हा येऊन फळीवर हात फिरवला. मित्रांनो, माझाही जीव टांगणीला लागला होता. जिने मला इतकी वर्षे जपले, तिलाच मी पाडणार की काय? मी वाळत होते, खाली बसायला बघत होते. फळी थोडी बसली, पण पूर्ण बसली नाही.

बाई आल्या. काठीचा आवाज दारापासून जवळ येत गेला आणि त्या फळीपाशी थांबला. बाईंनी काठीचे टोक तिच्यावर दाबून पाहिले.

"इथे पाणी साचलं होतं ना?"

"मीच ओतलं," यजमान म्हणाले. "तू येणार म्हणून चकचकीत करायची होती."

"मला एकदा विचारायचं होतं, अहो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी यजमानांचा दंड धरला, अधू पाय सावकाश उचलला आणि फळीच्या पलीकडे टेकवला. मी अंग चोरून पडून राहिले.

पुढे सुताराने ती फळी दुरुस्त केली. बाईंना आता खाली बसता येत नव्हते, म्हणून त्या खुर्चीत बसून शिकवू लागल्या. यजमान फडके पिळत आणि त्यांना दाखवत. "अजून पिळा," त्या म्हणत. "थेंब पडता कामा नये." यजमानांचे तळहात लाल होत, पण पुढे ते छान शिकले.

मित्रांनो, मला पाण्यापासून आणि वाळूपासून जपा, एवढे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरात जे कोणी असे काही जपत असेल, त्याला ते कसे जपायचे हे आजच विचारा. जमले तर त्याच्या हातातले फडके घ्या.

बाई गेल्या, त्याला बरीच वर्षे झाली. यजमान अजून मला पुसतात. फडके पिळून झाले की ते रिकाम्या खुर्चीसमोर धरतात आणि थोडा वेळ थांबतात. थेंब पडत नाही. मग ते गुडघे टेकतात आणि रेषांच्या दिशेने पुसायला लागतात.