कोनशिलेपुढची हुर्यो

आवाज ताईचाच होता. ड्रायव्हर वाचनालयाच्या फाटकाशी मंत्रिसाहेबांच्या गाडीला टेकून उभा होता, मध्ये तीन-चारशे माणसं होती, तरी त्याला शंका आली नाही. ताई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. तिथल्या यंत्रांच्या धडधडीत वीस वर्षं बोलून तिचा गळा असा तयार झाला होता, की घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारी वळून बघायचे.

मंत्रिसाहेबांनी नुकताच कोनशिलेवरचा पडदा सारला होता. वाचनालयाला त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव दिलं होतं. शेजारी चाकांच्या खुर्चीत त्यांची आई होती, पंच्याऐंशीच्या पुढची. टाळ्या पडायच्या आधी ताईची ती लांबलचक ‘हूऽऽ’ आली. मग दुसरी आली, मग पन्नास. बघता बघता सगळ्या मैदानानं साहेबांची हुर्यो उडवली. म्हातारीनं दोन्ही कान झाकून घेतले.

ड्रायव्हरच्या अंगाची लाही लाही झाली. आदल्याच दिवशी तो ताईकडे जाऊन, उद्या तिथे गोंधळ घालू नकोस म्हणून तिच्या हातापाया पडला होता. तिथे साहेबांच्या आई, आपल्या आजी, असणार आहेत, त्यांच्या नवऱ्याच्या नावाचं काम आहे, चार महिन्यांनी निवडणूक येतेच आहे, तेव्हा काय तो राग काढ, असं त्यानं परोपरीनं सांगितलं होतं. ताई चादरी वाळत घालत होती. ती काहीच बोलली नाही, आणि त्यानं तो होकार धरला.

ताईचा राग त्याला कळत नव्हता असं नाही. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या वस्तीत नळाच्या पाण्यात गटार मिसळलं होतं. त्याआधी तीन महिने लोक फुटक्या पाइपच्या तक्रारी करत होते. अकरा जण गेले, त्यांत ताईचा नवराही गेला. पाणीखातं साहेबांकडे होतं. लोकांनी पाणी उकळून प्यायला हवं होतं, एवढंच ते टीव्हीवर बोलले. तेव्हापासून वस्तीत टँकर येत होता आणि साहेब येत नव्हते.

परतीच्या वाटेवर साहेबांचे सचिव पुढे बसले होते, मागे साहेब आणि आजी. पहिली कोण ओरडली ते शोधून काढा, असं साहेब म्हणाले. चित्रीकरण आहे, संध्याकाळपर्यंत नाव देतो, असं सचिवांनी सांगितलं. मग साहेबांनी आईची समजूत घातली, की ही सगळी विरोधकांनी भाड्यानं आणलेली माणसं होती.

“भाड्याचं माणूस रडत ओरडतं होय रे?” आजी म्हणाल्या. “ती बाई रडत होती. मी समोरच होते.” मग त्या पुढे वाकल्या. “तू ह्याच भागात राहतोस ना, बाळ? काय झालंय त्यांना?”

आरशात साहेबांची नजर त्याच्यावर होती. मला काय ठाऊक, म्हणून तो सुटू शकला असता. अकरा वर्षं तो तसाच सुटत आला होता. पण ह्या म्हातारीनं त्याच्या मुलीच्या जन्माला स्वतः विणलेलं झबलं पाठवलं होतं, आणि तिच्याशी खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

“ती माझी बहीण आहे, आजी,” तो म्हणाला, आणि मग त्यानं गटारापासून टीव्हीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

“गाडी बाजूला घे,” साहेब म्हणाले.

त्याला किल्ली सीटवर ठेवून उतरायला सांगण्यात आलं. सचिवांनी कित्येक वर्षांत चाक धरलं नसावं. गाडी दोन आचके देऊन बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि गेली. आजी मुलाकडे बघत होत्या, एवढं त्याला काचेतून दिसलं.

तो तासभर चालत थेट ताईच्या दारात गेला. वाटेत त्याचा साहेबांवरचा राग ओसरला आणि ताईवरचा चढत गेला. ती उंबऱ्याशी बसून गणवेशाला बटणं लावत होती.

“शोभलं तुला? म्हातारीनं कान झाकले.”

“बघितलं मी.”

“तरी थांबली नाहीस?”

“थांबले असते, तर आईला पुढे आणून बसवलं की भागतं, हे कळलं असतं त्याला.”

अर्ज करायचा, भेटायला जायचं, माणसासारखं बोलायचं, अशी त्यानं सुरुवात केली. ताईनं सुई खाली ठेवली.

“सात वेळा गेले त्याच्या कचेरीत. दर वेळी फाटकावरचा म्हणाला, साहेब नाहीत. आणि साहेब कुठे होते? तुझ्या गाडीत. मागच्या फाटकानं तूच काढत होतास त्याला. एकदा तू मला बघितलंस आणि मान फिरवलीस.”

ते खरं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज धरून उन्हात उभी असलेली ताई त्याला लख्ख आठवली.

“नोकरी होती ती माझी,” तो म्हणाला. मग गाडीत काय झालं तेही त्यानं सांगितलं. निदान आता ती विरघळेल, अशी त्याला आशा होती.

“आठ महिन्यांनी कंठ फुटला तुला,” ताई म्हणाली. “तोही म्हातारीनं विचारलं म्हणून. बहिणीसाठी नाही.”

“म्हातारीचं काय चुकलं होतं, तेवढं सांग.”

“काही नाही. तिची माफी मागेन मी, घरी जाऊन मागेन. त्याची मेले तरी मागणार नाही.”

“तुला आत कोण घेतंय,” तो म्हणाला आणि पाणीही न पिता उठला.

चित्रीकरणातून नाव निघालंच. दोन माणसं धुलाईघराच्या मुकादमाला भेटून गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून ताईला यंत्रावरून काढून रक्तानं माखलेल्या चादरी निवडायला बसवलं. ती बसली. ती आजींच्या बंगल्यावरही गेली, पण तिला फाटकावरूनच परत पाठवलं. ड्रायव्हर शाळेची गाडी चालवू लागला. शाळेतल्या मास्तरांनी एकदा हुर्योचा विषय काढला, तेव्हा साहेबांच्या वडिलांच्या नावापुढे ते व्हायला नको होतं, असं तो ठासून म्हणाला.

पुढच्या महिन्यात वस्तीत नवे पाइप टाकायला खोदकाम सुरू झालं. ताईच्या मते ते हुर्योमुळे, त्याच्या मते निवडणुकीमुळे. हे दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही, शेजाऱ्यांना सांगितलं. चरावर टाकलेल्या फळीवर दोघं समोरासमोर आले, तर तो मागे सरला, ती पार होऊन गेली, आणि दोघांनीही मान वर केली नाही.