भागूबाईच्या रक्तातली टी-पेशी

मी एक जुनी टी-पेशी आहे, मित्रांनो. रक्तातली एक पांढरी पेशी. वारंगा फाट्याच्या भागूबाईच्या हाडांतल्या मज्जेत मी जन्मले. आपलं कोण आणि परकं कोण, हे तिच्याच छातीतल्या एका लहानशा ग्रंथीत शिकले.

१९९६ साली तिचा धाकटा भाऊ सोनाजी आजारी पडला. सिद्धेश्वर धरणावर तो मासे धरायचा. त्याला रक्ताचा जुनाट कर्करोग झाला होता. भागूबाईची मज्जा त्याला जुळली. मुंबईच्या दवाखान्यात ती त्याला दिली, पण माझ्या सोबतिणींना आधी गाळून टाकलं. आम्ही परक्या शरीरावर उलटतो, ही डॉक्टरांची भीती खोटी नव्हती. तरी मनाला फार लागलं.

दोन वर्षांनी रोग परतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेव्हा गाळल्या तसल्या पेशीच आता भागूबाईच्या रक्तातून काढून द्याव्या लागतील. त्या रोग मारतात. पण सोनाजीलाही तकलीफ देतील."

"नगं अक्का," सोनाजी म्हणाला. "तुला पुन्हा सुया काहून?"

"रगत माझं हाय. तू गप पडून राह्य."

नळीतून मी निघाले ती कायमची. त्या परक्या देहात रोगट पेशी मोकाट फिरत होत्या. आम्ही त्यांना हुडकून, चिकटून मारू लागलो. पण सोनाजीची कातडीही आम्हाला परकीच वाटली. त्याचं तोंड आलं, अंग सोलून निघालं. आम्हाला आवरायला औषधं द्यावी लागली. भागूबाई त्याला चमच्याने पेज भरवत होती.

"अक्का, तुझं रगत लई भांडखोर हाय."

"माझंच हाय ते!" ती हसली, आणि तोंड फिरवून रडली.

काही महिन्यांनी तपासणीत रोग दिसेनासा झाला. काम सरलं तशा माझ्या सोबतिणी मरून गेल्या. मी पहाऱ्याला उरले. सोनाजी पुन्हा धरणावर जाऊ लागला. माझी आठवण कुणी काढत नाही.

मित्रांनो, तुमचं रक्त कुणा आजाऱ्याला जुळलं, तर पाठ फिरवू नका. आणि तो बरा झाल्यावरही त्याची विचारपूस करत जा.

आज इतक्या वर्षांनी भागूबाई आली आहे. तिने सोनाजीचा हात हातात घेतलाय. मी त्याच्या बोटांपर्यंत वाहत आले आहे. पलीकडे माझं घर आहे. मध्ये फक्त कातडी.

"येते रे सोना. गाडी येऊन राहिली."

हात सुटला. मी रक्ताबरोबर माघारी वळले.