नानांच्या मताची सोबतीण

माझा नवरा हिमांशू, लोक कुणाला मत देतात आणि का देतात, हे शोधून काढायचा धंदा करतो. त्याची माणसं फॉर्म घेऊन दारोदार फिरतात. जात, वय, शिक्षण, नळाला पाणी किती दिवसांनी येतं, असे रकाने. मग तो छातीठोकपणे सांगतो की हर्सूल गावठाणात भावकी चालते, बायका बचत गटाच्या अध्यक्षेकडे बघतात आणि आमच्या कॉलनीतली निवृत्त मंडळी सकाळी मोबाइलवर जे येईल त्याच्या मागे जातात. बहुतेक वेळा त्याचं बरोबर निघतं. त्यामुळे घरात त्याच्याशी वाद घालायची सोय नाही.

विधानसभेच्या वेळी त्याने नमुन्यादाखल आमच्याच घराचा फॉर्म भरला. तीन मतं, तिन्ही विश्वजीत या उमेदवाराला. मला विचारलं नव्हतं, पण माझं खरंच तसं होतं. माझ्या सासऱ्यांनाही विचारलं नव्हतं. नाना सत्त्याऐंशीचे. आयुष्यभर कचेरीत कारकुनी केली, आता डोळ्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो.

"यंदा माझं वेगळं ठरलंय," जेवताना नाना म्हणाले.

"कुणाला?"

"ते मी सांगणार नाही."

पुढचे आठ दिवस हिमांशूने त्यांना समजावलं. मत वाया घालवू नका, शहराचं बघा, आपल्या लोकांचं बघा. मीही मधूनमधून तोंड घातलं. नाना ऐकून घ्यायचे आणि वरण वाढायला सांगायचे.

पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरी बसून मत देता येतं, म्हणून आम्ही अर्ज केला होता. ठरलेल्या सकाळी दोन अधिकारी, एक पोलीस आणि एक कॅमेरावाला आले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. नानांना दिसत नाही म्हटल्यावर खूण करायला सोबती लागणार होता. हिमांशू खिशातलं पेन काढून पुढे झाला.

"हा नको," नाना म्हणाले.

"मग सूनबाई?" अधिकाऱ्यांनी विचारलं. मी उठलेच होते.

"तीही नको. साळूबाईंना बोलवा."

साळूबाई गावठाणातल्या. रोज सकाळी नानांची अंघोळ, मालिश त्या करतात. कडुबा सांडू हा उमेदवार त्यांचा चुलतभाऊ आणि त्यांचा मुलगा शिवम त्याच्याच प्रचारात. आमच्या स्वयंपाकघरात त्या उघडपणे सांगायच्या की यंदा आमचा कडुबाच येतो.

त्या पदराला हात पुसत आल्या. "नाना, म्या कडुबाची बहीण हाये."

"ठाऊक आहे मला."

"ही भावालाच देऊन मोकळी होईल," हिमांशू म्हणाला. त्यांच्यादेखत, हसत. मला लाज वाटली. पण माझ्याही मनात तेच आलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

अधिकाऱ्यांनी साळूबाईंना विचारलं, आणखी कुणाच्या सोबती झाला नाहीत ना? मत कुणाला सांगणार नाही, अशी त्यांची सही घेतली. सातवी शिकलेल्या आहेत, सही ठसठशीत केली. मग नाना आडोशामागे त्यांच्या कानाशी काहीतरी बोलले. बराच वेळ काही हललं नाही. कॅमेरावाल्याने पाय बदलला. शेवटी पाकीट बाहेर आलं, चिकटवलं गेलं आणि मंडळी चहा न घेताच पुढच्या घरी गेली.

"कुणाला दिलं हो?" हिमांशूने लगेच विचारलं.

"साहेब, सही केलीया म्या."

"निदान भावाला दिलं का, तेवढं तरी सांगा."

साळूबाईंनी पिशवी उचलली. नाना आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. इतकं समाधानी मी त्यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मी फाटकापर्यंत गेले. हिमांशूचं बोलणं मनावर घेऊ नका म्हटलं.

"त्याचं काय नाय ताई," त्या म्हणाल्या. "पर पेन धरल्यावर हात लई जड झाला. मव्हा भाऊ हाये तो. अन् नानाला कायबी दिसत नव्हतं."

"मग?"

"मग काय. त्यांनी सांगितलं तिथंच नेला."

त्या गावठाणाच्या रस्त्याला लागल्या. त्या रस्त्यावर घरोघरी कडुबाचे झेंडे होते.

मी तिथेच उभी राहिले. त्या आडोशामागे मी असते, तर माझा हात जड झाला नसता. मी सरळ विश्वजीतपुढे खूण केली असती आणि नानांच्या कानात सांगितलं असतं, झालं हो तुमच्या मनासारखं. वीस वर्षं मी त्यांना जेवायला वाढते आहे. मी असं करेन, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.