शेवटची मूठ

मी एक जुनी, मधोमध मोडलेली तुळई आहे, मित्रांनो. एका प्रयोगशाळेच्या पायरीशी पडून असते. माझ्या अंगात सिमेंटचा कणही नाही. वीजघरातली राख आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी एका दाहक द्रावात कालवली की लगदा होतो आणि तो वाळून दगड बनतो. हा दगड भार पेलतो, पण वाकवला तर काचेसारखा अवचित तडकतो. म्हणून त्यात काळ्या खडकाचे धागे घालतात. खडक वितळवून ओढलेले, तपकिरी, केसाहून बारीक, नखाएवढे कापलेले. भेग पडू लागली की ते तिचे दोन्ही काठ धरून ठेवतात.

मला घडवलं बहीणभावांनी. ताई रसायनं मोजायची, धाकटा कालवून साच्यांत ओतायचा. धागे मिठासारखे चिमटीचिमटीने भुरभुरायचे, हा ताईचा नियम.

"भाजीत मीठ घालताना तू एवढी जपत नाहीस," धाकटा म्हणायचा.

"भाजी बिघडली तर जेवण जातं. इथे छप्पर जातं."

त्या दिवशी उकाडा होता. लगदा भराभर घट्ट होऊ लागला. ताई तराजूपाशी पाठमोरी होती. धाकट्याने उरलेले धागे मूठभर एकदम टाकले, आणि मला ओतताना त्यांची गुठळी घरंगळत आली. त्याने ती पाहिली, थापीने खाली दाबली, वरून हात फिरवला. बोलला काहीच नाही. मला मात्र ती पोटात जाणवत होती, केसांच्या गुंत्यासारखी कोरडी.

तुळया नेहमी जोडीने ओतत. एक कामाची, एक यंत्राखाली मोडून बघायची. मोडायला माझी बहीण गेली. ती पक्की निघाली. तिच्या गुणांवर मी पास झाले.

मला पाळणाघराच्या दारावर बसवलं. वर विटांची भिंत, खाली रांगणारी, धावणारी मुलं. "राखेची आहे म्हणे, खरं नाही वाटत," लोक म्हणत. त्या कौतुकाने माझी भीती वाढायची. दार आपटलं की गुठळीजवळचा एखादा धागा निसटायचा. ओरडायला मला तोंड नव्हतं.

धाकट्याची चिमुरडीही तिथेच यायची. तो तिला छातीशी कवटाळून, मान खाली घालून, माझ्याखालून पळत जायचा. एका सकाळी ताईने ते पाहिलं.

"पाऊस नाही, काही नाही. पळतोस कशाला?"

"उशीर होतोय, ताई."

"बाहेरच्या फाटकातून तर रमतगमत आलास."

धाकटा भिंतीला टेकून खाली बसला. "शेवटची मूठ मी एकदम टाकली होती. वाटलं, निभावून जाईल."

ताई रागावली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मुलांना मागच्या दाराने बाहेर काढ. मग टेकू आण. बाकीचं नंतर बोलू."

टेकू लागल्यावर तिने लहान हातोडीने मला टोकापासून ठोकत आणलं. टण, टण, टण. मग ठप्प. तिथे रंगाखाली केसाएवढी भेग होती.

मला उतरवून यंत्राखाली ठेवलं. कळ धाकट्यानेच दाबली. मी गुठळीपाशी मोडले. आतल्या तपकिरी धाग्यांना लगदा शिवलाही नव्हता. पण काठाच्या सुट्या धाग्यांनी माझे दोन्ही तुकडे सोडले नाहीत. त्यांच्याच जिवावर मी दारावर तग धरून होते.

"अजून किती दिवस राहिली असती गं?" धाकट्याने विचारलं.

"माहीत नाही," ताई म्हणाली.

त्या उत्तराची मला अजूनही धास्ती वाटते.

आता कामावर येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला धाकटा आधी माझ्यापाशी आणतो आणि गुठळीवर बोट ठेवायला लावतो. ही कुणाची चूक, असं कुणी विचारलं तर सांगतो, "ही माझी."

मित्रांनो, चूक तुमच्याही हातून होईल. ती लगदा ओला असतानाच सांगा. ओला लगदा टाकून देता येतो. वाळला की तो कुणाच्या तरी दारावर चढतो, आणि त्या दारातून रोज मुलं जातात.