आभार झाल्याशिवाय

बारामतीत डॉक्टरांची कार्यशाळा होती. विषय: आतड्याचा रक्तपुरवठा अचानक बंद पडला, तर ते ओळखायचं कसं. इंदापुरात दवाखाना चालवणारी डॉ. मेहरीन खास त्यासाठी आली होती, पण तासभर नुसते सत्कारच चालले होते. पुण्याहून आलेल्या सर्जन डॉ. स्वरूपा बोलणार होत्या, त्या अजून आतल्या खोलीत फेटा बांधून घेत होत्या.

तेवढ्यात व्यासपीठावर अध्यक्ष डॉ. सर्जेराव पोट धरून वाकले. रुग्णाच्या पोटावर हात कसा ठेवायचा, हे मेहरीनला त्यांनीच शिकवलं होतं. ती व्यासपीठाकडे धावली.

डॉक्टरांना तिथं काय तोटा! रांग लावून एकेकानं पोट दाबलं.

"मऊ हाय. गॅस झालाय."

"सकाळचा वडा बाधला."

"सोडा पाजा."

अख्ख्या सभागृहाचं एकमत झालं, आणि डॉक्टरांचं एकमत म्हणजे कपिलाषष्ठीचा योगच.

मेहरीननं नाडी धरली. ठोके वेडेवाकडे पडत होते. पोट मऊ, आणि माणूस मात्र कळांनी पिळवटलेला. याचा मेळच बसेना.

"सर, हृदयातली गुठळी आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकली असणार. आत्ताच्या आत्ता स्कॅन करू. उशीर झाला तर आतडं मरेल, आणि तुम्हीही."

"आभार झाल्याशिवाय अध्यक्षानं खुर्ची सोडायची नसते," सर्जेराव कण्हत म्हणाले.

"व्हय की मॅडम," सचिव सुयोगनं री ओढली. "अजून नऊ सत्कार हायत. मग भाषण, मग आभार."

मेहरीनचं टाळकंच सटकलं. तिनं त्याच्या हातातला माईक हिसकावला.

"अध्यक्ष, पाहुणे, मंडपवाले, आचारी, सगळ्यांचे आभार. कार्यक्रम संपला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सभागृह जेवणाकडे धावलं आणि सर्जेराव निमूटपणे उठले. स्वरूपा अर्ध्या फेट्यानिशी बाहेर आल्या, मेहरीनची दोन वाक्यं ऐकली आणि तशाच गाडीत बसल्या.

स्कॅनमध्ये गुठळी दिसली. ऑपरेशनमध्ये वीतभर आतडं गेलं, माणूस राहिला. मेहरीन जिन्यात बसून पोटभर रडली.

सर्जेराव शुद्धीवर आले, तेव्हा सुयोग शाल-नारळ घेऊन उभाच होता.

"भाषण कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"झालंच न्हाय. आभार झाल्यावर भाषण कसं घ्यायचं? पण सर्टिफिकेटं समद्यांना वाटली."

"म्हणजे अजून कुणालाच काही कळलेलं नाही?"

"जेवण झ्याक झालं, साहेब."

सर्जेरावांनी टाक्यांवर हात ठेवला आणि उशाशी बसलेल्या मेहरीनकडे पाहिलं.

"सुयोग, परत दुखलं तर मला हितं कुणाला दाखवू नका. थेट इंदापूरला न्या, ह्या पोरीकडं."